इथं खाले चांगलं कुठी भेटते?

वऱ्हाडातल्या माणसांचे मी दोनच वर्ग मानतो. एक, ज्यांना आमच्या मोठेबाबांनी ‘इथं खाले चांगलं कुठी भेटते?’ म्हणजे खायला चांगलं कुठे मिळतं, असं विचारलं होतं. आणि दुसरा, मोठेबाबा त्या वाटेने गेले तेव्हा जे नेमके घरी नव्हते. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अमडापूरला घर, गावाला लागून काळी जमीन, दाराशी देखणी बैलजोडी, आणि डोक्याला असा फेटा की कचेरीतला शिपाईसुद्धा आधी बसायला जागा द्यायचा, मग काम विचारायचा. पण या भारदस्त माणसाच्या पोटात सतत एक चौकशी चाललेली असायची. एकदा बुलढाण्याचे मोठे साहेब दौऱ्यावर आले, गावाबाहेर तंबू पडला. विहिरीसाठी अर्ज करायचा म्हणून गावाने मोठेबाबांना पुढे केलं. दोन दिवस त्यांच्याकडून भाषण घोकून घेतलं होतं. साहेबांसमोर गेल्यावर मोठेबाबांनी रामराम घातला, घसा साफ केला आणि विचारलं, “साहेब, तुम्ही नागपूरले असता. तिथं जेवाले बरं कुठी भेटते?” साहेब आधी दचकले, मग खुलले, मग अर्धा तास सांगत बसले. तंबूतून बाहेर आले तेव्हा मोठेबाबांना नागपूरची खडान्‌खडा माहिती होती. विहीर मात्र तशीच राहिली.

या विचारण्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. हॉटेलवाल्याला विचारायचं नाही, तो स्वतःचंच सांगणार. पोट सुटलेल्या माणसालाही नाही. “त्याले सारंच गोड लागते बे,” ते मला समजावून सांगायचे, “ज्यानं पंगतीत पानात टाकलं, त्याले पकडावं. त्याले जीभ हाये.” त्यामुळे कुठल्याही लग्नात मोठेबाबा जेवून उठले की उष्ट्या पत्रावळींवरून नजर फिरवत जायचे. कुणी वांग्याची भाजी टाकलेली दिसली की त्याला गाठलाच म्हणून समजा. मुलीच्या बापाच्या काळजाचं पाणी व्हायचं, आणि हे त्या पाहुण्याला बाजूला घेऊन विचारायचे, “मंग चांगलं वांगं कुठी खाल्लं तुमी?” दुःखाच्या घरीसुद्धा त्यांना राहवत नसे. आमच्या एका दूरच्या नातलगाची आई गेली. आम्ही भेटायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले. मोठेबाबा हळूच म्हणाले, “माय तुमची शेंगोळे लय चांगले करे म्हनत. आता तसे कुठी भेटतील?” मला वाटलं, आता मार खातो. पण तो माणूस डोळे पुसत पुसत आईच्या शेंगोळ्यांबद्दल जे बोलायला लागला ते थांबेचना. आपल्याला कुणी विचारलेलं माणसाला आवडतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. मोठेबाबांना ते जन्मतःच माहीत असावं.

शेजाऱ्याशी त्यांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा होता. बुलढाण्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे तारखा पडत होत्या. एका तारखेला मोठेबाबांनी आवारात उभ्या असलेल्या त्या प्रतिवादीलाच विचारलं, कारण दुसरं ओळखीचं कुणी दिसेना. पुकारा झाला तेव्हा वादी आणि प्रतिवादी दोघंही बाजारातल्या एका पत्र्याखाली एकाच द्रोणातून भजी खात होते, आणि मोठेबाबांचे वकील कोर्टाच्या पायरीवर काळा कोट झटकत दोघांच्याही नावाने ठणाणा करत होते. भजी खाता खाता धुरा मिटला. वकिलांनी पुढे आमच्या घराशी बोलणं टाकलं.

प्रवासाची तऱ्हा तर विचारूच नका. भुसावळला एका नातवाचं बारसं होतं. मोठेबाबा झबलं-टोपडं घेऊन मलकापूरच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभे. तेवढ्यात उलट्या दिशेची गाडी आली. खिडकीत बसलेल्या एका सडपातळ गृहस्थाने हातातली पुरी तोंड वेडंवाकडं करून बाहेर फेकली. मोठेबाबांच्या अंगात वीज संचारली. “मंग चांगली पुरी कुठी भेटते हो?” “बडनेऱ्याला,” तो म्हणाला, आणि गाडी हलली. मोठेबाबा त्याच गाडीत चढले, ते तिसऱ्या दिवशी घरी आले. बारसं होऊन गेलं होतं, झबलं काखेत तसंच होतं. मोठीआईने तांब्याभर पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, “बरी व्हती का?” “पुरी बरी व्हती. भाजीत गूळ जास्त पडला.”

मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, हिच्याबद्दल आधीच सांगायला हवं होतं. पण तिच्याबद्दल कुणी आधी काही सांगतच नसे. मोठेबाबा मुलूखभर फिरून चवी गोळा करून आणायचे आणि ओसरीवर बसून तिला वर्णन करायचे. “मेहकरले कढीगोळे खाल्ले. त्यात काहीतरी व्हतं वं. जिरं नाही, पन जिऱ्याच्या वळनावरचं.” ती चुलीपुढून “हाव” म्हणायची. दोन-चार दिवसांनी तेच कढीगोळे ताटात. शिजताना चाखून पाहणं तिला ठाऊक नव्हतं. मोठेबाबांच्या चेहऱ्याकडे पाहायची आणि काय कमी, काय जास्त ते तिला कळायचं. घरची, गड्यांची, पाहुण्यांची जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाठ करून बसायची. काय खायची, किती खायची, कुणी पाहिलं नाही. मी त्या वेळी चिखलीच्या शाळेत मास्तर होतो, सुटीला हमखास अमडापूरला जायचो, तिच्या हातचं जेवून दुपारी घोरायचो. मीही पाहिलं नाही.

एका उन्हाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण बाई काही उठेना. अन्नावरची वासनाच उडाली. पेज आणली की मान फिरवायची. हात काटकीसारखे झाले. वैद्यबुवा मोठेबाबांना अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, “माझं औषध संपलं. आता पोटात अन्न गेलं तर माणूस तुमचं, नाही तर मी काही सांगू शकत नाही.”

मोठेबाबांना वाटलं, हे काम तर आपलंच. एवढ्या वर्षांची विद्या कधी कामी यायची? गडी चारी दिशांना सुटले. कुठून खापरावरचे मांडे आले, कुठून खव्याचे पेढे, कुठल्याशा मळ्यातली वांगी आणून काटक्यांवर भाजून भरीत झालं, बाहेरच्या आचाऱ्याच्या हातचा साजूक तुपातला शिरा आला. वैद्यबुवा प्रत्येक पदार्थ दारातच अडवून नखाएवढा आत सोडत. मोठीआई प्रत्येकाकडे पाहायची आणि बारीक आवाजात म्हणायची, “तुमी घ्या.” घरभर घमघमाट, आणि मोठेबाबांनी मात्र त्यातल्या कशालाही बोट लावलं नाही. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, “अवं, तुले काय आवडते ते तरी सांग.”

ती बराच वेळ वर आढ्याकडे पाहत राहिली. खरोखर आठवून पाहत होती. मग म्हणाली, “तुमाले भरीत आवडते.”

मोठेबाबा उठून ओसरीवर आले. फेटा काढून मांडीवर ठेवला. “साऱ्या मुलखाले इचारलं रे,” ते मला म्हणाले, “हिलेच तेवढं राह्यलं.” मग त्यांनी घरातल्या एकेकाला विचारलं. मुलगा म्हणाला, “मायले सारंच चालते.” सून म्हणाली, “आत्याबाई उरलं ते घेत.” शेजारणींना तिने वाढलेलंच तेवढं आठवलं. वऱ्हाडात कुठल्या गावी काय चांगलं मिळतं हे ज्याला तोंडपाठ, त्याला स्वतःच्या चुलीजवळचं एक उत्तर मिळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही तिच्या माहेरी, लोणारला निघालो.

मेहकरपर्यंत मोटार, पुढे भाड्याची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी. मेहकरला मोटार थांबली की मोठेबाबा एरवी चाक फिरायचं थांबण्याआधी खाली उतरायचे. त्या दिवशी जागचे हलले नाहीत. शेवटी चहावाला स्वतःच खिडकीपाशी आला. “काऊन पाटील, आज इचारलं नाही? तब्येत बरी नाही का?” “मायी बरी हाये बाप्पा,” मोठेबाबा म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

लोणारला मेहुण्याने पाय धुवायला पाणी दिलं, चहा झाला. प्रश्न ऐकून तो बुचकळ्यात पडला. “बाईले? बाईचं काही नव्हतं. असन ते खाये.” त्याची बायको मोठीआईच्या लग्नानंतर या घरात आलेली, तिला काय माहीत? मोठेबाबांचा चेहरा काळवंडला. तेव्हा मेहुण्यालाच आठवलं की बहिणीची लहानपणची मैत्रीण गावातच दिलेली आहे. आम्ही तिच्या दारात गेलो. तोंडात दात नसलेली, पण आवाज खणखणीत असलेली म्हातारी अंगणात खाटेवर पापड वाळवत होती. मोठेबाबांनी हात जोडून विचारलं. हात जोडून विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

“कोन, आमची पारू?” म्हातारी खो-खो हसायला लागली. आमच्या मोठीआईला पारू असं काही नाव आहे, हे मला तेव्हा कळलं. “पारूले काय आवडे म्हंता जवाई? लाट्या! पापडाच्या लाट्या, दुसरं काय? मायनं पीठ कुटून, तेल लावून गोये कापून ठेवले का आमी दोघी खाटेखाली. वरतं पापड लाटनं चालू, खालतं आमचं खानं चालू! या तळ्याचा खार असा, का कच्चंच पीठ जिभेले चटका देते. मार खाल्ला, पोट दुखलं, पन पारूनं लाट्या सोडल्या नाही. सासरी गेल्यावर कोनाच्या सुना लाट्या खातात जवाई? तिथं तं गोये मोजून ठेवतात.”

मोठेबाबा खाली मातीतच बसले आणि त्यांनी चौकशी सुरू केली. उडीद सालाचे की धुतलेले? मिरे भरड की बारीक? हिंग किती? खार पाण्यात किती वेळ ठेवायचा? म्हातारीने उत्तरं दिली आणि तळ्याचा पापडखार एका फडक्यात बांधून दिला. परतीच्या वाटेवर ती पुरचुंडी त्यांनी मला हातात धरू दिली नाही.

अमडापूरला पोचल्यावर पीठ भिजलं, आणि ते कुटायला बत्ता मोठेबाबांनी स्वतः उचलला. दोन घावांत पीठ त्यांच्या मिशीला लागलं, पुढच्या घावाला बत्ता उंबरठ्यावर. सून तोंडाला पदर लावून हसत होती, शेजारच्या बाया दारात जमल्या होत्या. वैद्यबुवांना हे कळलं तसे ते धावतच आले. “कच्चे उडीद? मुदतीच्या तापावर? बाईला मारता का?” मोठी बाचाबाची झाली. अखेर तह असा ठरला की चिंचोक्याएवढी लाटी, तीही गिळायची नाही, नुसती जिभेवर धरून थुंकायची, आणि वैद्यबुवा समोर बसणार.

मोठेबाबांनी तेलाचं बोट लावून तो इवलासा गोळा तिच्या ओठांवर ठेवला. तिने मान फिरवली नाही. डोळे मिटले. गालांची हाडं हळूहळू हलली. वैद्यबुवा वाटी पुढे करून वाकले. मग तिच्या कपाळावर एक आठी पडली. तिने लाटी वाटीत काढली, डोळे उघडले आणि नवऱ्याला म्हणाली, “खार कमी हाये.”

मोठेबाबा ताडकन उठले आणि पिठाच्या हातांनी, बोडक्या डोक्याने थेट गल्लीत गेले. “खार कमी हाये म्हने!” ते दिसेल त्याला सांगत सुटले, “खार कमी पडला म्हने!” लोकांना वाटलं, तापाचं वारं यांच्या डोक्यात गेलं. आत मोठीआईने सुनेला जवळ बोलावलं आणि थोडी पेज मागितली. कालची अळणी होती, मीठ घाल म्हणाली. वैद्यबुवा उपरण्याने घाम पुसत भिंतीला टेकले.

ती उठली. हळूहळू अंगावर मांस आलं, आवाज आला, आणि आवाजाबरोबर मतंही आली. एके दिवशी ताट वाढता वाढता तिने जाहीर केलं, “भरीत मले कधीच आवडलं नाही.” मोठेबाबांना याचा एवढा आनंद झाला की हे सांगायला ते खास चिखलीला माझ्या शाळेत आले आणि भर वर्गात सांगून गेले. पुढे ते कुठेही निघाले की दमणीत तिच्यासाठी गादी पडायला लागली. गाव हसलंच. “पाटील बायकोले घेऊन भजे खाले जाऊन राह्यले!” मोठेबाबा त्यांना उत्तर द्यायचे, “मायी जीभ झिजली बे. तिची कोरी हाये.” लोकांना विचारणं त्यांनी सोडलं नाही, पण सांगितलेल्या ठिकाणाला चांगलं म्हणायचं की नाही हे आता मोठीआई ठरवायची.

आज दोघंही नाहीत. चार चांगली माणसं आयुष्यात भेटली, त्यांत ही दोन होती, असं मला वाटतं. नांदुऱ्याच्या फलाटावर मी त्यांना एकदा गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून मोठेबाबांनी स्टेशनाबाहेरून गरम भजी आणली आणि द्रोण तिच्यापुढे धरला. आजूबाजूची माणसं टक लावून पाहत होती. नवऱ्याआधी, उघड्यावर, चारचौघांत खाणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. मोठीआईने पदर सारखा केला, एक भजं उचललं आणि सावकाश चावू लागली. तिला अजिबात घाई नव्हती. गाडीची घंटा झाली, हमाल ओरडू लागले, मी सामान उचललं, आणि मोठेबाबा द्रोण हातात धरून तिच्या तोंडाकडे पाहत तसेच उभे.