दुहेरी मण्यांच्या मिशा

अबाह जुहानांनी पहिल्या भेटीत मला भिंगाखाली घेतलं. खिडकीजवळ उभं करून माझ्या मिशा इतक्या जवळून निरखल्या, की त्यातले दोन केस त्यांच्या श्वासाने कायमचे वाकडे झाले. मग त्यांनी निकाल दिला, "नर आहे. निरुपद्रवी." चियांजूरच्या भात संशोधन केंद्रात मी कारकून म्हणून रुजू झालो तो असा.

अबाह तिथे तीस वर्षं गांजूर निवडत होते. गांजूर म्हणजे डासाएवढी नाजूक माशी. तिची अळी भाताच्या कोंबात शिरली, की लोंबी येतच नाही. कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी येते. सापळ्यातल्या मूठभर चिलटांतून अबाह ती चिमट्याने अचूक उचलत. "नराच्या मिशीत मणी जोडीजोडीने ओवलेले, पंखावर मोजक्या शिरा, पाय सासऱ्याच्या उपदेशाइतके लांब," हे ते येईल त्याला ऐकवत. पोस्टमनही सुटला नव्हता.

नव्या अधिकारी वुलानबाईंना टेकडीवरच्या आलांग-आलांग गवतात तशाच नळ्या सापडल्या. आतल्या माशीच्या मिशा जुळल्या, शिरा जुळल्या. बाईंनी टेकडी जाळायची ठरवली. आणि नेमकं त्याच आठवड्यात अबाहांनी आपल्या छपराचं जुनं गवत उतरवलं होतं. नवं त्याच टेकडीवरून यायचं होतं.

"घराणं एकच आहे, बाई. पण चुली वेगळ्या," अबाह म्हणाले. "गवतावरची भाताला तोंड लावत नाही."

"हे तुम्हाला ती सांगून गेली, अबाह?"

"दाखवतो. तीन आठवडे द्या."

त्यांनी भाताच्या रोपांवर घरची मच्छरदाणी टाकली आणि आत गवतावरच्या माश्या सोडल्या. घरी त्यांची बायको ओनेंग उघड्या छपराखाली डास मारत बसली.

"माशीला मच्छरदाणी आणि बायकोला ताडपत्री," ती मला म्हणाली. "पुढच्या जन्मी मिशीत मणी ओवूनच येते."

तीन आठवड्यांनी वुलानबाईंनी एकेक कोंब चिरून पाहिला. एकही नळी नव्हती, एकही अळी नव्हती. त्यांनी आपला हुकूम फाडला आणि अबाहांच्या डब्यातल्या मिरचीच्या चटणीशी तिकडच्या रीतीप्रमाणे कच्च्या वांग्याच्या फोडी खाल्ल्या. अबाह दिवसभर शीळ घालत होते.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. ओनेंगने दुपारीच जावयाकडून छपरावर पत्रे ठोकून घेतले होते.

टेकडीवरचं गवत अजून आहे. ते कोणी कापत नाही.