मागच्या कुंपणाला बेडं नाही

आमच्या मागच्या घरच्या काकीवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ती हंडा कमरेवर घेऊन पाण्याला निघाली तेव्हा. अन्याय केला माझ्या वडिलांनी. मी पत्रकं लिहिते. पत्रकाची सुरुवात अशीच करायला शिकले आहे: कोणावर, केव्हा, कोणी. पुढचं मात्र पत्रकाच्या एका कागदात बसत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमची वाडी पूर्णगडच्या अलीकडे, खाडीवरच्या उतारावर. वर कातळ, खाली नारळ-पोफळी, मध्ये घरं. काकीचं घर आमच्या परसाला लागून, खाडीच्या अंगाला. तिचा नवरा बोटीवर होता, तो गेला. मुलगा मुंबईत. घरात ती एकटी. खाडी जवळ म्हणून तिच्या विहिरीचं पाणी मचूळ, आणि चैत्र लागला की तेही तळाला. आमच्या विहिरीला मृगापर्यंत गोडं पाणी असतं. नळ दोन्ही घरांना आहे, उन्हाळ्यात त्यातून हवा येते. म्हणून काकी प्यायचं पाणी आमच्या विहिरीवरून न्यायची. मला कळायला लागल्यापासून तिच्या हंड्याचा आवाज हीच आमच्या घरची सकाळ.

ती यायची बेड्यातून. ज्यांनी बेडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जांभ्या दगडाचे दोन खांब, त्यांना समोरासमोर भोकं पाडलेली, भोकांतून आडवे बांबू. बांबू सरकवले की माणूस आत. परत लावले की गुरं बाहेर. कडी नाही, कुलूप नाही. दोन्ही बाजूंनी सरकतं, म्हणून ते कोणा एकाचं नसतं.

बेड्याच्या दोन्ही हातांना वई होती, म्हणजे काट्यांचं कुंपण. भात कापून झालं की ती दरवर्षी नव्याने घालायची. एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने काकी. आई सुंभाचं टोक काट्यांतून पलीकडे ढकलायची, काकी ते आवळून परत द्यायची. काट्यांमुळे दोघी एकमेकींना दिसायच्या नाहीत, तोंडं मात्र चालू.

"ओढ गो घट्ट. जेवली नाहीस काय?"

"तुझ्या चुलीवर काय शिजतंय ते सांग आधी. मग ओढते."

"तिसऱ्यांचं कालवण."

"मग सैलच राहू दे. ये-जा करायला बरं."

वडिलांनी हे कधी पाहिलं नाही. त्यांचा जन्म मुंबईत नोकरीत गेला. घरी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला, आणि नेमकी त्या दिवसांत काकी पुढच्या दाराने येते, चांगलं पातळ नेसून, हातात दूर्वा किंवा नारळ घेऊन, पाहुणीसारखी. सणाच्या दिवशी मागच्या दाराने यायचं नसतं. म्हणजे ज्या बाईला माझे वडील इतकी वर्षं नमस्कार करत आले, तिची रोजची वाट त्यांना ठाऊकच नव्हती.

गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन कायमचे आले. सकाळी पुढच्या पडवीत पेपर घेऊन बसत, परसाकडे फिरकत नसत. आले आणि त्यांना बाग हवी झाली. चाळीच्या खोलीत माणसाने उभं आयुष्य काढल्यावर त्याला हिरवळीवर खुर्ची टाकून बसावंसं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण हिरवळ कोणत्या पाण्यावर, आणि कुंपण कोणाच्या वाटेवर, हे विचारणार.

त्यांनी बागवाला ठरवला. पलीकडच्या वाडीतलाच. बाप लोकांच्या पोफळी शिंपायचा, काट्यांच्या वया घालायचा. हा रत्नागिरीत नर्सरीत राहून काम शिकला. टेम्पोवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय: गार्डन, लॉन, कंपाउंड. मुंबईहून कोणी गाठोडं घेऊन उतरला की हा त्याच्या पडवीत हजर. आमच्याही पडवीत मोबाइल पुढे करून बसला.

"हे बघा साहेब. पुण्याच्या पार्टीचं. आधी नुसता कातळ होता."

"हे गवत आपल्याकडे टिकेल?"

"पाणी मारलंत तर कुठे पण टिकेल."

"पाण्याला तोटा नाही," वडील म्हणाले. "आणि मागची ती काट्याकुट्यांची भानगड काढून टाक. साप निघतात. सिमेंटचे पोल आणि जाळी, एका रेघेत."

"एका रेघेत," तो म्हणाला.

मी मध्ये तोंड घातलं की आईच्या अळवाची जागा तरी राहू द्या. वडील हसले. "तू जग सुधार. घराचं मी बघतो."

मग एका दुपारी बागवाल्याने परसात चुना टाकून रेघ आखली. आईने सगळ्यांना चहा केला. आवाज ऐकून काकीही आली आणि बेड्यातच, बांबूवर हात टेकून उभी राहिली. आईने तिच्याही हातात कप दिला.

"बरं झालं हो भावजी," ती वडिलांना म्हणाली. "वई बांधून हात सोलतात आता. आणि गुरं काय ऐकतात?"

"एकदाच काय तो त्रास, वहिनी. मग बघायला नको."

बस्स, एवढंच. बेड्याचं ती काही बोलली नाही. का बोलेल? घर बांधणारा दार सोडतो, तसा आमच्याकडे कुंपण घालणारा बेडं सोडतो. स्वतःच्या दाराची आठवण कोण करून देईल? आईही बोलली नाही, त्याच कारणाने. वडिलांना वाटलं, शेजारीण समोर उभी आहे, हरकत घेत नाही, म्हणजे सगळं पटलं. एकाच रेघेकडे बघत तिघांनी चहा प्यायला आणि कप विसळायला गेले.

काम मागच्या बाजूला आलं त्या दिवशी आई दाभोळला माहेरी होती. मी नाटे गावात होते. कशासाठी, तेही सांगते. किनाऱ्यावर जायच्या जुन्या वाटा बंगलेवाल्यांनी बंद केल्यात, त्या मोकळ्या करा, हे पत्रक वाटत होते.

त्या सकाळी काय बोलणं झालं ते वडिलांनीच मला सांगितलं, आणि लपवून नाही, काम चोख करून घेतल्याच्या थाटात. बागवाल्याने विचारलं, "साहेब, बेडं कुठे सोडू?"

"बेडं कशाला? पुढे गेट आहे की."

"म्हणजे सलग घालू?"

"सलग."

"नक्की ना साहेब?"

"अरे, तुला काम करायचंय की चर्चा?"

आता हे नीट वाचा, कारण सगळं इथे फसलं. आमच्याकडे बेडं एकाच कारणासाठी बंद करतात. दोन घरांचं मोडलं, की. भावाभावांचं फाटलं की आधी बेडं जातं, मग जेवणखाण, मग बोलणं. आणि ते बंद करतात तेही समोरच्याला दिसेल असं. बागवाला इथलाच. त्याला वाटलं, या दोन घरांत काहीतरी मोठं झालेलं दिसतंय. वडिलांना वाटलं, आपण कुंपण घालतोय. त्याने दगडी खांब उपटले, मध्ये पोल रोवला आणि जाळी ताणली. मग त्या खांबांचं काय करायचं, तर वडिलांच्या सांगण्यावरून पुढच्या गेटाच्या आत दोन बाजूंना उभे केले आणि वर दिवे बसवले. "अँटिक दिसतात," वडील म्हणाले.

पोल रोवत असतानाच काकी हंडा घेऊन आली. हे मला बागवाल्याने सांगितलं, मी त्याला टेम्पोजवळ गाठलं तेव्हा.

"मी म्हटलं, काकी, साहेबांनी सलग सांगितलंय. ती म्हणाली, बरं बाबा. आणि फिरली. भांडली पण नाय."

"तू इथलाच ना रे? तुला कळत नाही?"

"कळतं म्हणूनच गप्प बसलो ना ताई. मोठ्या घरांचं मोडलेलं, त्यात माझं काय काम?"

"काही मोडलेलं नव्हतं! आईला एक फोन करायचास."

"आणि काय विचारू? तुमची भांडणं झाली काय? असं विचारतात?"

त्याचं खरं होतं. असं विचारत नाहीत. त्याने विचारलं नाही, टपरीवर सांगितलं मात्र. दिवेलागणीपर्यंत सगळ्या वाडीला माहीत: त्यांचं मोडलं.

वडिलांशी मी भांडले.

"काकी पाण्याला कुठून येणार?"

"पुढून. मी कोणाला पाणी नको म्हटलंय?"

"पुढून म्हणजे सगळ्या वाडीला वळसा. भरला हंडा घेऊन चढ."

"मग पाइप टाकून देतो तिच्या अंगणात."

"बाबा, तुम्ही बेडं बुजवलंत."

"मी कुंपण घातलं. पत्रकाची भाषा घरात नको."

मग काकीकडे गेले. पुढून, वळसा घालून. ती पडवीत सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत बसली होती.

"काकी, चूक झाली. बाबांना माहीत नव्हतं."

"नसेल गो."

"मी उद्याच्या उद्या जाळी कापून घेते."

"कशाला? चांगली नवी जाळी." तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "तू वाटा मोकळ्या करायला फिरतेस ना? काल कुठे होतीस?"

"नाट्याला."

"लांब गेलीस," ती म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.

आई दाभोळहून आली. ती ओरडली नाही. परसात गेली, जाळीला हात लावून उभी राहिली आणि आत येऊन वडिलांना म्हणाली, "उघडा ते." तिच्या आवाजाने वडिलांना पहिल्यांदा कळलं की हे जाळीचं प्रकरण नाही. त्यांनी बागवाल्याला पुन्हा बोलावलं. मी म्हटलं, जुने खांबच परत लावा. दिवे काढून तो एक खांब हलवायला गेला तर भोकापाशीच फुटला. जुना जांभा दुसऱ्यांदा हलवलेला सोसत नाही. मग त्याने जाळी कापून लोखंडी फाटक बसवलं, हिरवा रंग दिला. कडी आमच्या बाजूला. फाटकाची कडी आतूनच असते म्हणाला.

आई त्या फाटकातून काकीकडे गेली, तिसऱ्यांचं कालवण घेऊन. लवकर परत आली. भांडं रिकामं होतं, म्हणजे घेतलं होतं. धुऊन, पुसून, वर चिमूटभर साखर घालून परत दिलं होतं, परक्या घरचं भांडं परत देतात तसं.

"काय म्हणाली?"

"या म्हणाली. बसा म्हणाली." आई भांडं फडताळात ठेवत होती. "मला बसा म्हणाली ती."

इतकी वर्षं त्या दोघी एकमेकींना अगो-तुगो करत आल्या. काकीने दार लावलं नाही, शिवी दिली नाही, चहा केला, गोड बोलली. निषेध मोर्चाने करायचा असतो असं मला वाटायचं. एका माणसाने नुसतं 'बसा' म्हणून तो करता येतो, आणि त्यावर उलट घोषणा नसते.

हे लिहिते आहे ते वैशाखात. काकीची विहीर आटली आहे. ती देवळाजवळच्या विहिरीवर जाते, वाडीच्या पार टोकाला. परत येताना आमच्या गेटासमोरून जाते, मान न वळवता. आत एक आख्खा खांब आणि एक फुटका, त्यांच्यावर दिवे. परवा वडील पाइप घेऊन लॉनवर पाणी मारत उभे होते. न राहवून म्हणाले, "वहिनी, इथूनच भरा की."

"नको हो भावजी," ती न थांबता म्हणाली. "तुमच्या गवताला कमी पडेल."

गवत तसंही पिवळं पडलं आहे. खाली कातळ, वर वीतभर आणलेली माती. बागवाला म्हणतो, हे काढून दुसऱ्या जातीचं लावू. वडील रोज संध्याकाळी मागे जाऊन कडी काढतात, फाटक सताड उघडं ठेवून येतात. आतापर्यंत त्यातून फक्त गुरं आली.

मी काकीकडे अजून जाते. मलाही ती आता पाणी विचारते, गुळाच्या खड्यासकट, पाहुण्यांना विचारतात तसं. मी तिच्याकडे काय मागू? मागणी ज्याने काढून घेतलं त्याच्याकडे करायची असते. माझे वडील परत द्यायला रोज संध्याकाळी उभे आहेत, आणि घेणारी येत नाही. याच्यावर पत्रक कसं काढतात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

म्हणून मागणी तुमच्याकडे. तुम्ही, जे हे वाचताय, ज्यांनी गावाकडच्या घराला कुंपण घालायला माणूस ठरवलाय, किंवा ठरवणार आहात. चुन्याची रेघ पडायच्या आधी कुंपणापलीकडच्या घरी जा. मागच्या दाराने जा. तुम्ही आमच्या आवारातून कुठून येता-जाता, असं तोंडाने विचारा. "काय नाय हो, घाला तुम्ही," असं ते म्हणतील. ऐकू नका. त्या घरच्या बाईला हाताला धरून आणा, तिला चालायला लावा, आणि तिचं पाऊल जिथे पडेल तिथे जागा सोडा. फोनवर नाही, माणूस पाठवून नाही, पोल उतरल्यावर नाही. स्वतः जा, आणि ती अजून तुम्हाला 'ये' म्हणते आहे तोवर जा.