रुखमाबाईच्या हाताला प्लास्टर

सिंदेवाहीच्या रुखमाबाईला वाचनाचा नाद लहानपणापासूनचा. सातवी झाली अन् लग्न लागलं, पण नाद काही सुटला नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती सुरकुत्या काढून वाचायची. पोरं मोठी झाल्यावर तिनं वाचनालयात नाव घातलं. तरी कादंबरी उघडली की भात उतू जायचा, नाहीतर कोणाला तरी चहा हवा असायचा. एकेका पुस्तकाला दोन-दोन महिने लागत.

गेल्या हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिन्याचं प्लास्टर. राजुऱ्याला नोकरीवर असलेला मुलगा पियुष म्हणाला, "माय, इकडं ये." तिनं नाही म्हटलं. नवऱ्याला एकटं कसं सोडायचं? गुणवंतराव धानाच्या संशोधन केंद्रावर तीस वर्षं मजुरी करून निवृत्त झालेले. धानाचे सारे वाण तोंडपाठ, पण घरात मीठ कोणत्या डब्यात असतं ते ठाऊक नाही.

"तुमी करा, मी सांगन बसल्या बसल्या," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी भाताची खळ झाली. रुखमाबाई हसली. "जिंदगीभर धान पिकवला, पण भात शिजवता येत नाई तुमाले!"

हळूहळू जमायला लागलं. मग सांगण्यासारखं फार उरलं नाही. ती सैपाकघरातच खुर्ची टाकून डाव्या हातानं कादंबरी वाचू लागली. डोंगरातल्या गावात बदली झालेली एक नर्स, आणि घर सोडून गेलेला तिचा भाऊ.

"मनातल्या मनात काऊन वाचून राह्यली? मलेबी ऐकू दे," गुणवंतराव वांगी चिरता चिरता म्हणाले.

ती मोठ्यानं वाचू लागली. एकदा नर्सच्या दारावर थाप पडली आणि इकडे कढईतल्या वड्या करपल्या. दोघांनी त्या काळ्या वड्याच खाल्ल्या, पण प्रकरण संपवूनच उठले.

मग गुणवंतराव दोन दिवस जिवतीला साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेले. त्याच दिवशी पुस्तक गायब झालं. रुखमाबाईनं उशीखाली पाहिलं, फळी पाहिली, तांदळाच्या कोठीमागंही पाहिलं. कुठंच नव्हतं.

परत आल्यावर गुणवंतरावांनी लाखोरीची डाळ चढवली आणि फोडणी देता देता सहज बोलून गेले, "तो भाऊ काई येत नाई आता. मेला बिचारा."

रुखमाबाई ताडकन उठली. "कोणं सांगतलं तुमाले?"

गुणवंतरावांनी खाली मान घालून थैलीतून पुस्तक काढून दिलं. शेवटच्या पानात बसचं तिकीट खोचलेलं. शाळा सुटल्यापासून त्यांनी वाचलेलं हे पहिलंच पुस्तक.

तिला राग आला. अर्ध्यावर असलेल्या गोष्टीचा शेवट सांगून टाकणं म्हणजे काय, हे त्यांना कधी कळणार? पण प्रवासभर आपला नवरा पुस्तकात डोकं घालून बसला असेल, हे डोळ्यांपुढं आलं की रागही धड टिकेना. तरी दोन दिवस ती बोलली नाही. त्यांच्या हातची डाळ मुकाट्यानं जेवली.

तिसऱ्या दिवशी गुणवंतराव वाचनालयात गेले. तिथं बसणाऱ्या दिव्यानीनं विचारलं, "भाऊ, रुखमाबाईचं पुस्तक बदलवाचं हाय का?"

"नाई. माह्या नावानं कार्ड कर."

ते एक जाडजूड रहस्यकथा घेऊन आले आणि बायकोसमोर ठेवून म्हणाले, "हे तू वाच आधी. मी मांगून वाचतो."

तेव्हा कुठं ती बोलली. "राहू द्या. संगच वाचू."

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना, पोळी लाटताना कळ यायची. म्हणून सकाळचा सैपाक गुणवंतरावांकडेच राहिला आणि त्या वेळी ती वाचून दाखवते. संध्याकाळी ती भाजी करते आणि ते वाचतात, ओळीवर बोट ठेवून. जोडाक्षराशी अडखळले की ती सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता शब्द सांगते. या वर्षी तिची अकरा पुस्तकं वाचून झाली.