साहेबांची मोटरसायकल, खारं पाणी आणि आई

त्या रविवारी नवापूरच्या किनाऱ्यावर मी साहेबांची मोटरसायकल समुद्रात पाडली... आणि साडेतीनच्या गाडीनं माझी आई बोईसरला उतरणार होती.

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे वायरमन होतो, वय बावीस. आई साताऱ्याकडच्या खेड्यातून पहिल्यांदाच एवढ्या लांब येत होती. मुंबईपर्यंत गावातलं माणूस सोबतीला होतं, पुढे एकटीच. वाचता येत नाही, हिंदी कळत नाही... म्हणून गावात तिला वाचून दाखवतील त्या पत्रात मी दोनदा लिहून पाठवलं होतं, 'मी फलाटावरच उभा असेन.'

"आईला बैलगाडीतून कशाला आणतोस?" म्हणत आमच्या कामावरच्या साहेबांनी आपली मोटरसायकल दिली. हाताशी अख्खी सकाळ होती आणि ओहोटीची कडक, ओली वाळू समोर पसरलेली... मला राहवलं नाही. दोन चकरा झकास झाल्या. तिसऱ्या चकरेला पुढचं चाक भसकन रुतलं, मी एकीकडे उडालो, गाडी आडवी झाली आणि तिच्यावरून लाट गेली.

जाळं दुरुस्त करत बसलेल्या दोघांनी धावत येऊन ती वर ओढून दिली. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली... काही नाही.

पण मी वायरमन होतो ना! प्लग काढला, किक मारमारून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं. प्लग पुसून इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. ठिणगीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटचं झाकण उघडलं तर आतून पाण्याची धारच लागली. रुमालानं सगळं कोरडं केलं, तेव्हा एकदाच लालसर, मेल्यासारखी ठिणगी पडली... मग तीही बंद.

घड्याळात एक वाजला. दीड वाजला. ऊन लागलं तशी वायरींवर, पॉइंटवर पांढरी पावडर दिसायला लागली. मी ती पुसायचो, किक मारायचो, उठून चार पावलं चालायचो, परत येऊन बसायचो. नडगी सोलून निघाली होती. डोळ्यांपुढे फक्त फलाट आणि त्यावर उभी आई.

जवळच बोंबील वाळत घालणारी एक बाई कधीची बघत होती. शेवटी जवळ आली.

"कवापासून लाथा मारतस रे त्याला? मीठ बसलाय त्यावर. पुसून नाय जायचा. आदी गोड्या पान्यानं धुव."

मी चिडलोच. "मावशी, विजेच्या वस्तूला पाणी लावायचं नसतं."

"आता काय कोरडा हाय तो? आमची होडी बुडाली तवा माज्या मालकानं मशीन असाच धुतला. अजून चालताय."

मी काही बोलायच्या आत ती झोपडीत गेली आणि पाण्यानं भरलेले दोन हंडे एकामागोमाग घेऊन आली. मी बॅटरीची वायर सोडवली. ती तांब्या तांब्या ओतत गेली, मी पॉइंट, कॉइल, वायरींची टोकं चोळून धूत गेलो. मग तिनंच कोरडं फडकं दिलं. प्लग चिमट्यात धरून चुलीच्या निखाऱ्यावर तापवून आणला. मी काड्यापेटीच्या खरखरीत बाजूनं पॉइंट घासले आणि सगळं उन्हात ठेवलं.

तो वेळ कसा काढला, मलाच माहीत... बाई मात्र शांतपणे बोंबील उलटत होती.

मग बॅटरीची वायर जोडली, प्लग टेकवून किक मारली... निळी, टचकन वाजणारी ठिणगी! प्लग बसवल्यावर चौथ्या किकला गाडी सुरू झाली. पण तोवर साडेचार वाजले होते. "येतो मावशी" एवढंच ओरडून मी सुटलो.

बोईसरचा फलाट रिकामा होता. एक हमाल म्हणाला, "बूढ़ी अम्मा? बहुत देर राह देखी. फिर मजदूर औरतों के साथ तारापुर की तरफ पैदल निकल गई।" मी नवापूरच्या रस्त्यानं आलो, त्यामुळे चुकामूक झाली होती.

तारापूरच्या रस्त्याला लागताना एका गुरासाठी हॉर्न दाबला, तर तो थांबेचना! हँडलवरचं बटण धुवायचं राहिलं होतं. मैलभर मी तसाच बोंबलत गेलो. पुढे प्रकल्पावर कामाला येणाऱ्या, डोंगराकडच्या चार बाया चालल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध डोक्यावर ट्रंक घेतलेली माझी आई. मागे न बघताच ती रस्त्याच्या कडेला झाली.

मी गाडी थांबवली. तिनं वळून बघितलं.

"एवढा भोंगा कशाला वाजवतुयास? मी काय भैरी हाय व्हय?"

बाया खो खो हसल्या. मी हॉर्नची वायर उपटली आणि तिथेच, भर रस्त्यात, रडायला लागलो.

उशीर का झाला, ते मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, वाळूवर हुंदडलो म्हणून ओरडेल. ती म्हणाली, "त्या माऊलीची हीर किती लांब हाय?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी आई मला घेऊन नवापूरला गेली. मावशीचे दोन हंडे भरून आणायला निघालो, तर विहीर चांगलीच लांब होती. एक हंडा आईनं घेतला, एक मी खांद्यावर घेतला. वाटेत तीनदा टेकवला... आणि झोपडीशी पोचलो तेव्हा माझा अर्धा हंडा सांडलेला होता.

मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे, शिकशील."