बांधून ठेवलेली झडप

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर तीस वर्षं बातम्या तपासल्या त्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, आणि नीट सांगणार आहे, कारण नीट सांगणं हेच माझं काम होतं — कोण, कुठे, कधी, काय. ‘का’ची वेळ शेवटी येते. इथे ती आली तरी माझ्याजवळ सांगण्यासारखं फारसं असणार नाही.

स्थळ मालवण. महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, जिल्हा रत्नागिरी होता. मी तेवीस वर्षांचा, एका साप्ताहिकाचा बातमीदार. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बापू मास्तरांच्या पडवीत राहत होतो. मास्तर विधुर, घरात एकटे. माझं टेबल पडवीच्या पूर्व टोकाला होतं. तिथून हातभर अंतरावर, कठड्यावर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात लावलेलं त्यांचं झाड.

घटपर्णी. मास्तरांचा भाऊ बोटीवर होता, त्याने कोलंबोहून आणली होती. पानाच्या टोकातून एक तंतू निघायचा आणि तंतूच्या शेवटी वीतभर घट लटकायचा — वर झाकण, आत पाणी. माशी आत पडली की संपली. गाव बघायला यायचं, आणि प्रत्येकाला वाटायचं की मास्तर झाडाला पोटभर घालत नाहीत. शेजारची गंगाबाय मासे साफ केले की सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, डोकी पानावर घेऊनच हजर.

“मास्तरांनू, उपाशी ठेवलात ह्येका. दोन सुंगटा घालतंय, मगे बघा कसा गजगजता ता.”

“गो गंगाबाय, ता उजेडार जगता. सुंगटा तू खा.”

हे मास्तरांनी उगाच ठोकून दिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तीन वर्षं त्यांनी डबा घरभर फिरवला होता — परसात, माजघरात, पडवीच्या दोन्ही टोकांना — आणि प्रत्येक ठिकाणी घट मोजले होते. भर उन्हात पानं करपतात. अंधारात पानं लांबलचक होतात, हिरवीगार दिसतात, पण घट धरत नाहीत. दहा वाजेपर्यंतचं कोवळं ऊन, आणि नंतर माडाच्या चुडतांतून गाळून आलेला उजेड, हे तिला मानवतं. माशा मिळोत न मिळोत. मी पुढे बरेच संशोधक पाहिले, त्यांच्या मुलाखती घेतल्या. इतका सरळ पुरावा फार थोड्यांकडे होता.

तो पुरावा मास्तरांना एका कामासाठी हवा होता. आमच्याकडे पावसाळ्याआधी पडवीला झडी लावतात — विणलेल्या चुडतांचे पडदे. पाऊस बाहेर राहतो, आणि उजेडही. शाळेलाही झडी लागायच्या. शास्त्राच्या खोलीत चार महिने मुलं वह्या नाकाशी धरून बसायची. त्या खोलीच्या छपरात काचेच्या कौलांच्या दोन ओळी घालाव्यात, असा मास्तरांचा शाळासमितीकडे अर्ज होता. समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब हसले होते. उजेडाने काय होतं ते दाखवतो, मास्तर म्हणाले होते, गणपती झाले की माझ्या पडवीत या.

मध्येच त्यांना प्रशिक्षणासाठी कोल्हापूरला तीन महिने जावं लागलं. जाण्यापूर्वी त्यांनी झाडासमोरच्या झडीत दीड हात रुंदीची एक झडप केली. सकाळी सुंभ सोडायचा, झडप वर उचलायची, खाली काठी लावायची. जोराचा पाऊस आत आला तर बंद करायची, थांबला की पुन्हा उघडायची. एवढंच काम. ते मी करतो म्हणालो.

पहिले चार दिवस केलं. पाचव्या दिवशी वाऱ्याबरोबर पाऊस आत आला आणि माझे लिहिलेले कागद भिजले. मी झडप बंद केली, सुंभाची गाठ मारली. पाऊस थांबला — आणि मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विसरलो होतो का? नाही. दुपारी बारा वाजता मी त्या टेबलावर कंदील लावून लिहीत होतो. माझ्या पानावर किती अंधार आहे हे मला कळत होतं, तर हातभर अंतरावरच्या तिच्या पानावर किती आहे हे कळत नव्हतं, असं कसं म्हणू?

मास्तरांची पत्रं यायची. मी उत्तरं पाठवायचो — दोन नवे घट, मग आणखी तीन. आकडे मी सहज लिहायचो. बातमीदाराच्या हाताला आकड्यांची सवय असते.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी ते परत आले. पिशवी खांद्यावर, तसेच झाडापाशी गेले. जुने घट काळे पडून वाळले होते. नवा एकही नव्हता. पानं मात्र लांब, लोंबती, गडद हिरवी. त्यांच्या येण्याच्या दिवशी मी झडप उघडून ठेवली होती, हेही सांगितलं पाहिजे.

“नवे घट खंय गेले रे?”

“वाळले,” मी म्हणालो.

ते बराच वेळ पानं उलटून बघत राहिले. मग म्हणाले, “झडप रोज उघडलंस मा?”

“रोज.”

एक शब्द. मी आयुष्यात लाखो शब्द छापले, त्यांतल्या बऱ्याच चुका दुसऱ्या दिवशी दुरुस्तही केल्या. हा बोललेला शब्द तसाच राहिला.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मग त्यांच्यासारख्या माणसापुढे एकच रस्ता उरला — स्वतःवर अविश्वास. गौरी-गणपतीनंतर समिती आली. मास्तरांनी झाड लपवलं नाही, सबब सांगितली नाही. माझा अंदाज चुकला, उजेडाचं मला नीट कळलेलं नाही, एवढं सरळ बोलले. भाऊसाहेबांनी डब्यात वाकून पाहिलं.

“मास्तर, आमी श्रावण सोडलो. तुमच्या झाडान अजून सोडूक नाय?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझ्या वहीत उतरवून घेतलं. त्या आठवड्याच्या अंकात माझी बातमी होती — ‘मालवणच्या मांसाहारी झाडाचा श्रावण’. झाडावर एकही घट आढळला नाही. मास्तरांनी चूक मान्य केली. समितीने काचेच्या कौलांचा अर्ज नामंजूर केला. त्या बातमीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. संपादकांनी शाबासकीचं कार्ड पाठवलं. गावाला मास्तरांसाठी नवं नाव मिळालं — श्रावणमास्तर. मुलं ते भिंतीवर कोळशाने लिहायची आणि मास्तर ते ओल्या फडक्याने पुसायचे.

उजेडाचा संबंध नाही असं ठरल्यावर झाड त्यांनी माजघरात नेलं. गंगाबायला सुंगटं घालू दिली. दिवाळीपर्यंत मुळं कुजली.

झडी उतरवायची वेळ आली तेव्हा मास्तर शाळेत होते. उतरवायचं काम मी मागून घेतलं. मास्तर आले त्या दिवशी झडप मी उघडली होती ती सुंभ कापून, कारण गाठ सुटली नव्हती. कापलेली गाठ तशीच लटकत होती — फुगलेली, वर हिरवं शेवाळ. रोज सोडलेल्या गाठीवर शेवाळ धरत नाही. कुणीही पाहिलं असतं तर कळलं असतं. मी ती न्हाणीच्या चुलीत टाकली. ओली होती, पेटायला वेळ लागला. मी तिथे उभा राहिलो.

पुढे मी मुंबईला गेलो, चांगली नोकरी केली, अचूक माणूस म्हणून नाव मिळवलं. साठच्या दशकात एकदा पावसात मालवणला गेलो होतो, शाळेतही डोकावलो. शास्त्राच्या खोलीतली मुलं वह्या घेऊन दाराकडे सरकली होती. मास्तर फळ्याजवळ उभे होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी चहा पाजला. माझ्याजवळ पूर्ण एक तास होता.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. वालावलला दिलेली त्यांची बहीण निळी वही घेऊन मला भेटली. “तुमी त्याच्या जवळचे,” म्हणाली. वहीत त्या पावसाळ्याचं एकच पान आहे. आधीची तीन वर्षांची सगळी पानं एका तिरक्या रेघेने खोडलेली आहेत, आणि या पानावर मास्तरांच्या स्वच्छ अक्षरात चार ओळी आहेत:

झडप रोज उघडली.
निरीक्षक विश्वासू.
तरी घट नाहीत.
म्हणून उजेडाचा संबंध नाही.

यातली तिसरी ओळ खरी आहे. पहिली, दुसरी आणि चौथी खोट्या आहेत, आणि तिन्ही माझ्या आहेत. झडप मी उघडली नाही.