एका पायावर दहापर्यंत

वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंना सगळे चाळणबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर! आणि त्याही खुशाल ओ देत. कामच तसं होतं ना. डॉक्टर मंडळींनी एक प्रश्न टाकायचा, आणि त्यावर जगात जिथे कुठे कुणी अभ्यास केला असेल तो हुडकून, चाळून, सगळ्यांचं मिळून म्हणणं काय ते बाहेर काढायचं. सोयीचं उचललं आणि गैरसोयीचं टाकलं, असं इथे चालत नाही. तसं तर शेजारपाजारचेही करतात, त्याला ग्रंथालय कशाला हवं?

त्या वर्षी प्रश्न आला: म्हाताऱ्या माणसांनी घरच्या घरी तोल सावरायचे व्यायाम केले, तर त्यांचं पडणं कमी होतं का?

बाईंनी तो प्रश्न दोनदा वाचला. त्यांची आई, वय अठ्ठ्याहत्तर, आठ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडली होती. हाड शाबूत राहिलं, पण बाईंच्या थोरल्या भावाने, दादाने, जो धसका घेतला! "आई, खुर्चीतून उठायचं नाही. पाणी मी देईन, चष्मा तुझी सून देईल." माया होती हो, खोटं कशाला बोला. पण त्या मायेने आईच्या पायांच्या काड्या झाल्या. परवा तर ती म्हणाली, "आता मला फर्निचरमध्येच धरा." बाई हसल्या आणि आत जाऊन रडल्या. व्यायामाचं नाव काढलं की दादाचं एकच, "पडली तर जबाबदार कोण? तू?"

म्हणजे बाईंना उत्तर हवं होतं, तेही एकाच बाजूचं. या कामात याहून वाईट दुखणं नाही.

म्हणून तर इथे प्रत्येक कागद दोन माणसं वाचतात. दुसरे वाचणारे मास्तर, आकडेशास्त्राचे निवृत्त शिक्षक. बसायचं वेगळ्या खोल्यांत, आणि दोघांचं वाचून होईपर्यंत कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चहा एकत्र, पण चहावर फक्त हवापाणी आणि मास्तरांची गुडघेदुखी. तीन हजार आठशे बारा गोषवारे वाचायला पाच महिने गेले. मग दोघांचे निर्णय शेजारी शेजारी ठेवले.

"हा का काढलात?" मास्तरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. त्या अभ्यासात व्यायाम करणारेच जास्त पडले होते.

"माणसं फार थोडी आहेत त्यात."

"किती?"

"बेचाळीस."

मास्तरांनी सावकाश दुसरा कागद पुढे केला. "यात अडतीस. हा मात्र ठेवलात." त्यात व्यायाम करणारे कमी पडले होते. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असंच ना?"

बाईंचा चेहरा उतरला. वीस वर्षांच्या नोकरीत कुणी असं बोट दाखवलं नव्हतं. "मास्तर, शपथेवर सांगते, मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असतं तर तुम्हाला आधीच कळलं असतं. कळत नाही, म्हणून तर दोघं बसवतात."

मग बाईंनी आईचं सगळं सांगितलं. मास्तरांना आणि या कामाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनाही. बाईंचा प्रत्येक नकार तिसऱ्या माणसाने पुन्हा तपासला. तसला दुसरा निघाला नाही, पण तो एक परत आत आला. आता त्याने पारडं फिरवलं तर? आई कायमची खुर्चीत. बाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं.

शेवटी मास्तरांनी चित्र काढून टेबलावर ठेवलं. चाळून उरलेल्या एकतीस अभ्यासांच्या एकतीस आडव्या रेघा, आणि मधे एक उभी रेघ. डावीकडे असेल तर पडणं कमी, उजवीकडे असेल तर जास्त. बहुतेक आडव्या रेघा मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या. एकेकट्याला विचारलं तर "असेलही, नसेलही." तो बेचाळीस माणसांचा तर सरळ उजवीकडे. आणि सगळ्यात खाली, सगळ्यांचं मिळून जे येतं त्याचं लहानसं चिन्ह, स्वच्छ डावीकडे.

बाई बघतच राहिल्या. अरे बाप रे! एकतीस ठिकाणची म्हातारी माणसं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली. कुणी ओट्याला धरून, कुणी खाटेच्या कडेला धरून एका पायावर उभं राहिलं, आणि पडलं की वहीत फुली मारली. त्यातली कितीतरी आज नसतीलही. त्यांना काय ठाऊक, आपली फुली कुणाच्या आईपर्यंत जाईल! कुणा एकाला जे सांगता आलं नाही, ते सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं. बाईंनी नकळत त्या कागदाला हात जोडले. मास्तरांनी चष्मा पुसायला काढला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो उजवीकडचा अभ्यास शेवटपर्यंत वाचला. अभ्यास करणाऱ्यांनीच शेवटच्या पानावर लिहिलं होतं: पडले त्यातले बहुतेक खोलीच्या मधोमध, एकटेच व्यायाम करत होते. धरायला काही नाही, जवळ कुणी नाही. हा कागद फेकला असता, तर दादाशी भांडून आईला एकटीलाच उभं करून बाई कामावर निघून आल्या असत्या.

डॉक्टरांनी आईला तपासून होकार दिला. दादासमोर मात्र बाईंनी आधी तोच अभ्यास ठेवला.

"म्हणजे माझी भीती..."

"खोटी नव्हती, दादा. पण ही माणसं एकटी होती बघ." आणि मग एकतीस रेघांचं चित्र. दादा बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसला.

रविवारी सकाळी आई ओट्याला धरून उभी राहिली. मागे दादा, दोन्ही हात पसरून, घामाने डबडबलेला. आईने एक पाय उचलला. दहापर्यंत मोजायचं होतं. दादा मोजू लागला आणि चारावरच थांबला. पुढचं आई स्वतःच मोजत गेली. सातला पाय थरथरला, तसे दादाचे हात तिच्या खांद्याला लागले.

"हात काढ," आई म्हणाली. "पण तिथून हलू नकोस. आठ."