राखेत ठेवलेला कॉम्प्युटर

निफाडकडून आलेली एसटी नाशकात द्वारका चौकाला थांबली. कंडक्टरनं आधी एक पत्र्याची पेटी माझ्या हातात दिली आणि मग माझ्या वडिलांना हाताला धरून खाली उतरवलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता.

"घ्या साहेब तुमचा माल," कंडक्टर म्हणाला. "बाबांनी रस्ताभर जीव खाल्ला. खड्डा आला की ओरडत्यात, हळू घे, आत कॉम्प्युटर हाय!"

पेटीच्या झाकणाच्या फटी शेणामातीनं लिंपलेल्या होत्या. खिडकीतली एक बाई म्हणाली, "शेणानं सारवलेला कॉम्प्युटर पहिल्यांदाच पाहिला बया!" आणि बसमधली माणसं हसली.

"हसू दे," अण्णा मला म्हणाले. "बियाणं बी असंच ठेवत्यात. माझ्या हातचं बी कधी वाया गेलं नाय."

रिक्षात पेटी त्यांनी मांडीवर घेतली. अंबडला माझ्या खोलीवर पोहोचेपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आई गेल्यापासून आमचं बोलणं फार कमी झालं होतं. ती होती तेव्हाही आम्ही एकमेकांशी तिच्यामार्फतच बोलायचो, हे ती गेल्यावर कळलं. एसटीडीवरून फोन केला की पाऊसपाणी, वांग्याचा भाव, जेवलास का, एवढ्यात बोलणं संपायचं. मग दोघंही रिसीव्हर धरून थांबायचो.

एकदा मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं होतं, "तुझ्या त्या यंत्रात आईची रांगोळी हाय ना रे?"

"होती," मी म्हणालो.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं की मला पाहायची हाय. मी येताना यंत्र घेऊन येतो."

तो कॉम्प्युटर घरात कसा आला, ते सांगितलं पाहिजे. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेतून नाशिकच्या कॉलेजात आलो तेव्हा इंग्रजीत प्रश्न विचारला तर मी उभा राहायचो आणि तसाच खाली बसायचो. तिथल्या एका सरांनी मला सांभाळून घेतलं. त्यांनी परदेशातून मुलासाठी एक कॉम्प्युटर आणला होता. जाड कीबोर्डाएवढी पेटी, तीच सगळं मशीन. टीव्हीला जोडायची, आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवरून आत घ्यायचा. मुलगा मोठा झाला, त्याला नवीन मशीन आलं, तेव्हा सरांनी हे मला बोलावून दिलं. "घरी ने. मोडलं तरी चालेल, पण वापर," म्हणाले. माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या सहज काही दिलं नव्हतं. आज मी जी काही भाकरी खातो ती त्या वाक्याची आहे.

सुट्टीत मी ते गावी नेलं. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडलं. आई दारातून पाहत होती. "हे काय काय करतं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, सांगशील ते करतं. "मग रांगोळी काढ म्हण त्याला."

तिची एक ठिपक्यांची रांगोळी होती, माहेरून आणलेली. गल्लीत दुसऱ्या कुणाला यायची नाही. सणावारी ती वेगळ्या काढायची, पण रोज सकाळी उंबऱ्यापुढं हीच. मी वही घेऊन बसलो आणि तिला म्हटलं, सांग, कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा. तिला सांगता येईना. हवेत बोट फिरवून पाहिलं, जमेना. शेवटी तिनं जमिनीवर रांगोळी घातली, आणि हात जसा चालला तसं मी लिहून घेतलं.

पहिल्यांदा पडद्यावर रांगोळी उमटली तेव्हा ती खूश झाली नाही. म्हणाली, "खालून का सुरू करतंय? अशी उलटी काढत नसत्यात. देवाच्या बाजूनं सुरू करायची."

"आई, शेवटी दिसायला सारखीच दिसते ना?"

"दिसायला सारखी. काढायला नाय."

मग मी सगळा प्रोग्रॅम तिच्या हाताच्या क्रमानं पुन्हा लिहिला. आधी सगळे ठिपके, मग वरून एकेक रेघ, ती थांबायची तिथं थांबत. तेव्हा ती टीव्हीसमोर उकिडवी बसली आणि रांगोळी पुरी होईस्तोवर हलली नाही. "पोरगं शिकलं," म्हणाली. मला मिळालेल्या सर्टिफिकेटांत हे मी पहिलं धरतो.

पुढं मला अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. एका खोलीत आम्ही चार जण राहायचो. तिथं टीव्ही नव्हता, आणि कारखान्यात नवीन कॉम्प्युटर आले होते. जुनं मशीन गावीच राहिलं. "मी सांभाळतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांना सांभाळणं जसं माहीत होतं तसं त्यांनी सांभाळलं. आईचं जुनं लुगडं घेतलं, मशीन, टेपरेकॉर्डर आणि कॅसेट त्यात गुंडाळली, पेटीत चाळलेली राख अंथरली, कडुनिंबाचा पाला घातला, वरून पुन्हा राख, आणि झाकण लिंपून टाकलं. कीड लागू नये म्हणून. त्यानंतर दहाएक वर्षं ती पेटी कुणी उघडली नाही.

एका धर्मादाय दवाखान्यात अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, काही दिवस वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही आणि ठरल्या वेळी औषधाचे थेंब घालायचे असं सांगितलं. थेंब मी घालायचो. ते खाटेवर मान मागं टाकून बसायचे, मी पापणी वर धरायचो. लहानपणानंतर मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. त्यांची दाढी पांढरी झाल्याचं माहीत होतं, इतकी मऊ झालीय हे माहीत नव्हतं.

त्याच दिवसांत मी पेटी फोडली. लुगडं जागच्या जागी होतं. उलगडलं तर आतला पाला कुजून काळा पडला होता आणि राख मशीनमध्ये शिरली होती. बटणांच्या खाली, फटींत, सगळीकडे. पाला ओलसर असतानाच झाकण बंद झालं असावं. बियाण्याची कणगी दरवर्षी उघडतात, ऊन देतात, पुन्हा भरतात. ही पेटी मात्र 'पोराचं यंत्र हाय, हात लावू नका' म्हणून तशीच राहिली होती.

"कसं हाय?" अण्णांनी चष्म्याआडून विचारलं.

"चांगलं आहे. उंदरानं एकही वायर कुरतडलेली नाही."

"राख चाळून घातली होती."

"हो, म्हणूनच."

कारखान्यातून आलो की मी वर्तमानपत्र पसरून बसायचो. एकेक बटण काढलं, रंगाच्या ब्रशनं राख झाडली, स्पिरिटच्या बोळ्यानं बटणांखालची पाती पुसली. वीजपुरवठ्याच्या भागातले जुने कपॅसिटर बदलले, कारण ते इतक्या वर्षांनी चालू करताना फुटतात. द्वारकेच्या अलीकडच्या एका रेडिओवाल्याकडे ते मिळाले. "साहेब, हे भंगारवाला बी घेणार नाय," तो म्हणाला, पण शोधून दिले त्यानं.

अण्णा खाटेवर बसून ऐकायचे. त्यांना दिसत नव्हतं, मग विचारायचे, "आता काय करू राहिला?" मी सांगायचो. "ती पाती घासू राहिलो." मी त्यांच्याशी इतकं बोललो नव्हतो कधी. शेजारच्या घरांतून मालिकांचे आवाज यायचे, पोरांना हाका मारलेल्या ऐकू यायच्या. माझ्या खोलीत एरवी संध्याकाळी कुकरची शिट्टी सोडली तर आवाज नसायचा. माझं लग्न तोवर झालं नव्हतं, पुढंही झालं नाही. त्या दिवसांत मात्र मी कारखान्याच्या गेटातून बाहेर पडलो की भरभर चालायचो.

मशीन चालू झालं. शेजाऱ्यांनी अडगळीत टाकलेला छोटा टीव्ही मी मागून आणला होता. त्यावर एक बारीक चौकोन उघडझाप करायला लागला. काही बटणं मेली होती, पण मशीन जिवंत होतं. अण्णांना सांगितलं तर ते हसले. "मी म्हणलो नव्हतो?"

आता कॅसेट उरली होती. मी तिच्याकडे मुद्दाम आधी पाहिलं नव्हतं. पट्टीवर मधेमधे पांढरी बुरशी धरली होती. ती सगळी हातानं उलगडून, मऊ फडक्यानं पुसून पुन्हा गुंडाळली, आणि टेपरेकॉर्डरला लावली. किर्रर्र आवाज खोलीभर झाला. हा आवाज म्हणजेच तो प्रोग्रॅम. मशीन तो ऐकून तुकड्या-तुकड्यानं वाचतं.

"पट्टा सरकतोय वाटतं," अण्णा म्हणाले. पाण्याच्या इंजिनाचा पट्टा त्यांच्या मनात होता.

"नाही, असाच आवाज असतो."

"असं रडून सांगतं का ते?"

पहिले तुकडे आले. मग मशीन अडलं. मी मागं घेतलं, पुन्हा लावलं. आवाज कमी केला, वाढवला, पट्टी पुन्हा पुसली. रोज संध्याकाळी तेच. दर वेळी मशीन त्याच जागी थांबायचं. त्या जागी पट्टीवरचा तपकिरी थरच निघून गेला होता. बुरशीबरोबर गेला असेल, किंवा माझ्या फडक्याबरोबर. जेवढं आलं होतं तेवढं मी चालवलं. पडद्यावर ठिपके उमटले. सगळे, तिच्या क्रमानं, वरून खाली. त्याच्यानंतर रेघा सुरू व्हायला हव्या होत्या. त्या झाल्या नाहीत.

वही कधीच हरवली होती. मला वाटलं, मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, आठवेल. कागदावर ठिपके काढून जोडून पाहिले. छान रांगोळ्या झाल्या, पण तिची झाली नाही.

डॉक्टरांनी डोळा तपासून चांगला आहे म्हणून सांगितलं, त्या दिवशी अण्णांना मी टीव्हीसमोर बसवलं आणि खरं ते सांगितलं. राखेचं नाही सांगितलं. कॅसेट जुनी झाली एवढंच. ते पुढं झुकून ठिपक्यांकडे बघत राहिले.

"तुम्हाला आठवते का अण्णा? तुम्ही तर रोज पाहायचा."

"मधी कमळ होतं."

"कमळ नव्हतं. चौकटीसारखं होतं काहीतरी."

"चौकट नव्हती रे, गोल होतं." त्यांनी काचेवर बोट टेकवलं, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेलं, थांबले, बोट उचललं. पुन्हा टेकवलं. मग हात मांडीवर ठेवला. "रोज पहाटं मळ्यात जायचो तेव्हा ती काढू राहायची. पाय पडला तर ओरडायची. पाय कुठं ठेवायचा ते आठवतं. इथं एक," त्यांनी पडद्यावरची एक रिकामी जागा दाखवली, "मग इथं. रांगोळी नाय आठवत."

मी चहा टाकायला उठलो. चहा घेऊन आलो तरी ते तसेच बसले होते. इतक्या दिवसांनी उजेड दिसणारा डोळा, आणि पुढ्यात हे.

"ठिपके बरोबर हायेत," चहाचा घोट घेऊन ते म्हणाले. "ठिपक्यात ती चुकायची नाय."

"मी अजून प्रयत्न करतो. हिशोबानं बसवता येईल काहीतरी."

"नको. मनानं जोडू नको. चुकीची जोडली तर तीच खरी वाटायला लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यांना द्वारकेवरून निफाडच्या गाडीत बसवून दिलं. मेथी काढणीला आली होती, आणि दुसऱ्या डोळ्याला अजून वेळ होता. पेटी त्यांनी नेली नाही. खिडकीतून ते काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी मी त्यांना नीट दिसत होतो.

खोलीवर आलो. ते ठिपके मी एका नव्या कॅसेटवर उतरवून घेतले. मग मशीन बंद केलं, दोघांची ताटं विसळली आणि त्यातलं एक वरच्या फळीवर ठेवून दिलं.